प्रति: ताबा आईकडे, मग क्रिकेटचं बाबा का ठरवणार?

घटस्फोटानंतर मुलाच्या क्रिकेटचं कोणी ठरवायचं, या प्रश्नावर 'ताबा आईकडे आहे, मग शेवटचा शब्द तिचाच' असं वर दोघातिघांनी लिहिलंय, ते तितकंसं बरोबर नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २६ वाचा. मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण या तिन्हींबद्दल कोर्ट आदेश देऊ शकतं, शक्य तिथे मुलाची इच्छा लक्षात घेऊन. आणि घटस्फोट झाल्यावरही अर्ज करून तो आदेश बदलून घेता येतो. म्हणजे सहावीत ठरलेलं नववीत तसंच चालवायची सक्ती नाही. अर्थात नेट प्रॅक्टिससाठी कोर्टाची पायरी चढा असं मी म्हणत नाहीये, वकिलाच्या फीमध्ये दोन-तीन सीझनचं कोचिंग निघेल!

माझ्या भाच्याच्या बाबतीत खरी भांडणं 'खेळ की अभ्यास' यावर नव्हतीच, दप्तरावर होती. शनिवारी किटबॅग बाबाकडे, गणिताची वही आईकडे, आणि रविवारी रात्री फोनवर 'तूच पाठवली नाहीस'. शेवटी पुस्तकांचा दुसरा संच बाबाकडे ठेवला आणि मॅच असलेल्या वीकेंडचा अभ्यास बाबानेच घ्यायचा असं लिहून सह्या केल्या. खेळाचा हट्ट ज्याचा, त्याच्याच गळ्यात बीजगणित. त्यानंतर बाबाने स्वतःहून एक स्पर्धा गाळली, आईने नव्हे.

आणि हो, दहावीच्या क्रीडा गुणांच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी ठरावीक स्तरावरच्या मान्यताप्राप्त स्पर्धा लागतात, प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. क्लबच्या टूर्नामेंटचा कप दाखवून काही होत नाही.