बाकी काय नवीन, आई?

गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, उठला की सोलापुरातल्या आयांच्या बातम्या बदलतात. 'स्वेटर घाल' मागं पडतं, झाडं आणि ऊन सुरू होतं. बाहेरगावी शिकताना घरून आलेली माघ-फाल्गुनातली एखादी बातमी आठवते? लिहा. सुरुवात मी करते.

मी पुण्याला, हॉस्टेलवर. आईची पहिली बातमी कायम नळाची: "आज पाचव्या दिवशी पाणी आलं, ते पण पहाटे अडीचला." मग मागच्या दारचा कडुलिंब. "सगळी पानं झडायलीत गं, रोज दोन घमेली भरत्यात." मी सबमिशनच्या गडबडीत नुसतं हं-हं. पुढच्या आठवड्यात फोटो आला. निम्मा तिचा अंगठा, निम्मं आभाळ, आणि कोपऱ्यात एक तांबूस ठिपका. खाली लिहिलेलं, 'पालवी'. झूम करून करून बघितलं तेव्हा दिसली.

---

आमचं शेत मोहोळकडं. "मालदांडी ज्वारी काढायला घेतली, बायका मिळंनात" हे दरवर्षीचंच. पण त्या वर्षी आई म्हणाली, "हुरडा संपला बघ. कणसं टणक झाली. तू आली नाहीस." त्याच्या आधी तिनं शेजारच्या काकांबरोबर हुतात्मा एक्सप्रेसनं भाजलेला हुरडा पाठवलेला. पुण्यात पोचेस्तोवर गार, चिवट. शेंगाचटणी लावून चौघींनी चावत बसून संपवला.

---

मी स्वतः आई आहे, लेक नागपूरला. खरं सांगते, आम्ही बातम्या निवडून देतो. आंब्याला मोहर आला हे सांगते. ढगाळ हवेत तुडतुडे पडून निम्मा गळाला, हे नाही. चिंचा झोडल्या हे सांगितलं. झोडताना पाय घसरून मनगट मुरगळलं, ते परीक्षा होईस्तोवर पोटात ठेवलं. तिनं व्हिडिओ कॉल लावला की फोन डाव्या हातात. चौथ्या दिवशी विचारलंच तिनं, "आई, तू डावखुरी कधीपासून झालीस?"

---

आमची अम्मा सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू वस्तीतली; फोनवर निम्मं तेलुगू. उगादीच्या महिनाभर आधीपासून एकच चौकशी: तिकडं कडुलिंबाला फूल आलं का? पच्चडीला, त्या सणाच्या आंबट-गोड-कडू चटणीला, लागतं ना. तिच्यासाठी अख्खा कॅम्पस हिंडले. एक झाड सापडलं, गाड्यांच्या पार्किंगमध्ये, पानापानावर धूळ. फूल नव्हतंच अजून. तिला "येईल" म्हणून सांगितलं.

---

आमच्याकडं एवढं मोठं काही नसतं. फेब्रुवारी संपता संपता आईचा मेसेज येतो:

"माठ काढला. तुझा कान तुटलेला पेला पण धुऊन ठेवलाय."