मदत हवी आहे : पुलाखालच्या मावशींना दवाखान्यात कसं न्यावं?

माझ्या रोजच्या वाटेवर पुलाखाली एक मावशी राहतात. गेल्या आठवड्यात त्यांना जाड पांघरूण दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर ते शेजारच्या आजोबांच्या अंगावर, आणि मावशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "त्यांना खोकला आहे गं, मला चालतं." गलबलून आलं मला. आजोबाही रात्र-रात्र जागून मावशींची कागदपत्रांची पिशवी सांभाळतात.

आता काळजी मावशींच्या पायांची आहे. मोजे कायम ओले, तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, बोटं बधिर. पाय दिवसेंदिवस ओले राहिले तर कडाक्याची थंडी नसतानाही नसांना इजा होते, म्हणून कोरडे मोजे दोघांसाठी नेतेच आहे. पण दवाखान्याचं नाव काढलं की त्या गप्प होतात. जागा सोडली तर सामान जाईल, आजोबा एकटे पडतील, ही धास्ती.

तुमच्यापैकी कुणी अशा कामात असाल तर सांगा ना, दोघांना एकत्र नेऊ का? मी सामानापाशी बसले तर त्यांना चालेल का? की आधी नर्सला तिथेच घेऊन जाऊ? आणि त्यांचा मान न दुखावता हे विचारू कसं?