मदत हवी आहे: जळगाव-भुसावळच्या तापमानाच्या जुन्या नोंदी

मंडळी, दर मे महिन्यात 'तापमानाचा उच्चांक मोडला' अशी बातमी येते, पण उच्चांक कधीपासूनचा, हे कोणी लिहीत नाही. दहा वर्षांतला की शंभर? फार फरक पडतो हो. हवामान खातं १८७५ चं, देशाच्या सरासरीची तुलना १९०१ पासून होते आणि त्यात २०२४ सर्वांत उष्ण ठरलं.

मला जळगाव-भुसावळचं रोजचं कमाल तापमान हवंय, जितकं मागे मिळेल तितकं. तापमान मोजण्याच्या केंद्राची जागा मधे बदलली का, हेही. नाहीतर तुलनाच फसते. पुण्याच्या शिमला ऑफिसातून (हवामान खात्याचं तिथलं कार्यालय) कोणी असा डेटा मागवलाय का? अर्ज कसा करायचा?

आमच्या केळीचा पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) उलगडायच्या आतच कडेने करपतोय. वडील म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. आकड्यांवर ताडून बघायचंय.