नगरपंचायतीच्या हद्दीत घरकुल पाहिजे, पण जागा आजोबांच्या नावावर. काय करावं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आई आणि मी राहतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी कापडाच्या दुकानात कामाला, आई हंगामात कापूस वेचायला जाते. दोघींचं मिळून वर्षाला लाख-सव्वा लाख पडतात.

घर मातीचं, वर कवेलू. यंदा माकडांनी अर्धे फोडले. चुलीमागची भिंत फुगली आहे, आईनं तिला बाहेरून बल्लीचा टेका दिलाय. रात्री पाऊस आला की दोन गंज आणि एक परात, प्रत्येकाची जागा ठरलेली.

ज्यावरून ग्रामीण घरकुलांची यादी झाली त्या 2011 च्या सर्वेक्षणात आमचं नाव होतं असं बाबा सांगायचे. 2015 मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पंचायत समितीत गेले तर म्हणतात, तुम्ही आता शहरातले. (शहर! आमच्या वॉर्डात अजून नाली नाही.) नगरपंचायतीत बाबूंनी कागद पाहून परत केले, कारण जागा आजोबांच्या नावावर. मोठे काका गावातच, धाकटे नागपूरला. वाटणी कधी झालीच नाही.

त्यात एक जण पाच हजार मागतोय, ग्रामीणच्या यादीतून करून देतो म्हणे. द्यावे का? आणि जागेचं कसं करायचं?

प्रतिसाद १
ताई, पाच हजारवाल्याला आधी चहा पाजून वाटेला लावा. नगरपंचायत हद्दीतलं नवीन नाव ग्रामीणमध्ये बसत नाही. तुमची योजना म्हणजे प्रधानमंत्री आवास शहरी 2.0, त्यातला स्वतःच्या जागेवर बांधायचा घटक. उत्पन्न 3 लाखांच्या आत आणि भारतात कुठेही पक्कं घर नको. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक, असे अडीच लाख मिळतात. अर्ज आईच्या नावानं करा. घर बाईच्या नावे किंवा जोडीनं असावं असाच नियम आहे.

जागेसाठी आधी वारस नोंद. सिटी सर्व्हे (गावठाणातल्या जागांची सरकारी मोजणी) झाला असेल तर भूमी अभिलेखमध्ये, नसेल तर नगरपंचायतीत. मग काकांचं संमतीपत्र. आमच्याकडे एका चुलतभावाच्या सहीवाचून आठ महिने गेले, म्हणून सांगतो, नात्यात गोडी आहे तोवर सह्या घ्या.

प्रतिसाद २
आणखी एक. कार्यारंभ आदेश (बांधकाम सुरू करा असा कागद) हातात येईस्तोवर भिंत पाडू नका, जुन्या घराचाही फोटो काढतात. पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. जोतं झालं, फोटो चढला, मग हप्ता. मधल्या काळात गिट्टी-सिमेंटवाला उधार देईल का ते आधी पहा, आमचं घर तिथंच अडलं होतं. आईचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना, तेही बँकेत विचारून या. आणि घरकुलवाल्यांना 5 ब्रास रेती मोफत आहे, तहसीलला विचारा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. काल मोठ्या काकांकडे गेले होते. काकूनं चहा टाकला, काका म्हणाले, सांग कुठं सही करायची ते. धाकटे काका फोनवर "बघू" म्हणाले. पोळ्याला येणार आहेत, तोवर वारस नोंदीचा अर्ज देऊन ठेवते. आईचा एकच प्रश्न राहिला: घर पाडल्यावर चूल कुठं मांडायची? बांधकामाच्या वेळी तुम्ही कुठं राहिलात?