शब्दचर्चा: नव्या गाडीचं इंजिन ‘रुळतं’, ‘बसतं’ की ‘मोकळं होतं’?

गंगापूर रोडकर

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी मराठीत एक पानी टिपण तयार करतोय. पहिल्या हजार किलोमीटरच्या मुद्द्यावर शब्दासाठी अडलोय. गाडीच्या पुस्तिकेत ‘रनिंग-इन’ किंवा ‘ब्रेक-इन’ असतं, म्हणजे नव्या इंजिनचे भाग एकमेकांना जुळेपर्यंत ते ठरावीक पद्धतीनं चालवणं. आपल्याकडे सर्रास ‘गाडी रनिंगमध्ये आहे’ म्हणतात, पण तो शब्द मला टिपणात नको. ‘गाडीचं रनिंग किती झालंय?’ म्हणजे मीटरवर किती किलोमीटर पडलेत, हा अर्थ आता पक्का झालाय. जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘रनिंग ४५ हजार’ वाचणाऱ्या माणसाला ‘रनिंग नीट करा’ लिहून काय कळणार?

दुसरा प्रचलित पर्याय म्हणजे ‘जपून चालवा’. त्याला माझी जास्त हरकत आहे. घरातले वडीलधारे ‘चाळीसच्या वर नेऊ नकोस’ एवढाच त्याचा अर्थ घेतात, आणि पोरगा महिनाभर कॉलेज रोडवर टॉप गिअरमध्ये तीसनं गाडी घरघरत नेतो. हे इंजिनला चांगलं नाही. शब्दात ‘काय करायचं’ हे यायला हवं, नुसतं ‘भ्यायचं’ नको.

माझा कल ‘रुळवणे’कडे आहे: ‘पहिल्या १,००० किमीत इंजिन रुळवून घ्या.’ तुमच्याकडे काय म्हणतात?

सातपूरकर

दादा, आमच्या शेडमध्ये इंजिनकामाचे ब्लॉक येतात, म्हणून आतली गोष्ट आधी सांगतो, शब्द नंतर.

बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते ब्लॉकमधलं गोल भोक) मारून झाला की होनिंगचे, म्हणजे आतून घासायचे, दगड आत फिरवतात. दगड गोल फिरताना वरखालीही होतात, त्यामुळे बोअरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा उठतात. ब्लॉक उजेडाकडे धरला की ती जाळी स्पष्ट दिसते. बोटाला गुळगुळीत लागतं, पण भिंगातून पाहिलं तर सगळे उंचवटे आणि खाचा. खाचांत ऑइल थांबतं. उंचवट्यांची टोकं पिस्टनवरच्या रिंगा घासून सपाट करतात, आणि घासता घासता रिंगांची कडही त्या भिंतीला जुळते. याला आम्ही म्हणतो ‘रिंगा बसल्या’. दुसरा शब्द आमच्या शेडमध्ये नाही.

आता भाराचं. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात, दोन कॉम्प्रेशनच्या आणि एक ऑइलची. कॉम्प्रेशनच्या रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. इंधन पेटलं की गॅस तिच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. म्हणजे इंजिनवर भारच आला नाही, तर रिंग भिंतीला हवी तशी लागत नाही. मग रिंगेवरून वर निसटलेलं ऑइल तापून भिंतीवर चकाकी धरतं, खाचा भरतात, आणि बोअर ‘ग्लेज’ होतो. पुढे गाडी ऑइल खायला लागते, बॅक कॉम्प्रेशन मारते (गॅस रिंगांवरून खाली निसटतो), चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं की भपकारे येतात. तेव्हा चाळीसनं चालवण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे.

दुसरं टोकही तेवढंच वाईट. गार इंजिन सुरू करून लगेच आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) काट्यावरच्या लाल रेषेपर्यंत ताणलं तर त्या उंचवट्यांवर एकदम उष्णता होते, रिंग आणि भिंत एकमेकांना ओरबाडतात. एकदा ओरखडा पडला की तो होनिंगशिवाय जात नाही.

आताच्या इंजिनांत उंचवट्यांची टोकं कारखान्यातच कापून देतात, त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात. त्यामुळे जुन्या गाड्यांइतका धोका राहिला नाही. पण पुस्तिकांत अजून १,००० ते १,५०० किमीची सूचना असतेच, कारण बेअरिंग, गिअरचे दात, क्लच, सगळंच नवं असतं.

पंचवटीकर

‘रिंगा बसणे’ उत्तम आहे, पण टिपणात ‘इंजिन बसवा’ किंवा ‘इंजिन बसतं’ असं चुकूनही लिहू नका. ‘बसणे’ हे क्रियापद दोन्हीकडे जातं. जम बसतो, घडी बसते, हात बसतो, इथे सगळं चांगलं. धंदा बसतो, घसा बसतो, भिंत बसते, इथे सगळं वाईट. कशाचं बसलं यावर सगळा अर्थ. ‘रिंगा बसल्या’ ऐकून मेकॅनिक खूश होईल, ‘इंजिन बसलं’ ऐकून मालकाच्या पोटात गोळा येईल.

‘रुळणे’ मला पसंत आहे. काही जण म्हणतील हा शब्द रेल्वेच्या रुळावरून आला. तसं वाटत नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली, त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत केस खांद्यावर रुळत होते आणि माळा गळ्यात रुळत होत्या. आपल्याला हवा तो अर्थ ‘सून घरात रुळली’, ‘शब्द भाषेत रुळला’ यातला आहे. वापरानं सवय होत जाणं, आणि ती दोन्ही बाजूंनी होणं. सुनेला घराची आणि घराला सुनेची. सातपूरकरांनी सांगितलेलं, रिंगेनं भिंत घासायची आणि भिंतीनं रिंग, ते यात बरोबर बसतं.

व्याकरणाच्या दृष्टीनंही सोय आहे. इंजिन ‘रुळतं’ आणि चालवणारा ते ‘रुळवतो’. टिपणात तुम्ही चालवणाऱ्याशी बोलताय, तेव्हा ‘रुळवा’ किंवा ‘रुळवून घ्या’. ‘रुळू द्या’ लिहिलंत तर वाचणारा स्वस्थ बसेल.

निफाडकर

आमच्याकडे ‘रुळणे’ माणसांसाठी आणि बैलांसाठी. ट्रॅक्टरला ‘मोकळा होणे’. ‘अजून मोकळा नाही झाला, नांगराला लावू नको’, असं बागेत कुणीही म्हणेल. नवा ट्रॅक्टर आला की आधी ट्रॉली, हलका रोटाव्हेटर, मग फवारणीचा ब्लोअर, नांगर सगळ्यात शेवटी. आणि हिशोब किलोमीटरचा नाही, तासांचा. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांवर.

त्या सर्व्हिसला ऑइल का बदलतात, हे आमच्या आजीला एका वाक्यात समजलं होतं. जात्याला टाकी लावली, म्हणजे दगड छिन्नीनं टोचून खरखरीत केला, की पहिलं दळण माणसं खात नाहीत, त्यात दगडाची कच असते. पहिल्या ऑइलचं तेच, त्यात लोखंडाची कच. ‘मोकळा’ मला म्हणूनच पटतो. कच निघून गेली, घट्टपणा गेला, इंजिन हातभर मोकळं झालं.

गंगापूर रोडकर

निफाडकर, ट्रॅक्टरला हलक्या कामापासून चढत जायचं, हा क्रम फार मोलाचा आहे, तो टिपणात घेतोच. पण ‘मोकळं करणे’ शहरात वेगळ्या कानांवर पडतं. इथे ‘गाडी मोकळी करून आलो’ म्हणजे हायवेला नेऊन दामटली. पोरं पाथर्डी फाट्याहून निघून कसाऱ्याकडे शंभर-सव्वाशेनं नेतात आणि अभिमानानं ‘मोकळी झाली’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण या वाचकांसाठी धोक्याचा आहे.

इंदिरानगरकर

मी यातली जाणकार नाही, पण नुकतीच गाडी घेतली आहे, म्हणजे तुमचं टिपण माझ्यासारखीसाठीच. ‘रुळवा’ कळलं. पण कसं? सप्तशृंगीला आणि समृद्धीवरून शिर्डीला, अशा दोन्ही फेऱ्या घरच्यांच्या मनात आहेत. घरच्यांना घेऊन गडावर जाऊ की नको? आणि समृद्धीवर क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच वेगावर ठेवणारी सोय) लावला तर हळूच चालते की.

सातपूरकर

ताई, गडावर अवश्य जा. दिंडोरी रोड या कामाला झकास आहे. दिंडोरी, वणी, गावागावांत वेग कमी होतो, पुढे पुन्हा वाढतो, आपोआप गिअर बदलतात. नांदुरीपासून घाट लागला की गाडी वरच्या गिअरमध्ये रेटायची नाही. थरथरायला लागली की लगेच गिअर खाली, आणि आरपीएम मधल्या पट्ट्यात. काही पुस्तिका २,००० ते ४,००० च्या मध्ये राहा असं आकड्यातच सांगतात. उतरतानाही गिअरमध्येच उतरा. गाडी भरलेली असली तरी चालेल, पण त्यात टपावर सामान आणि मागे ट्रॉली नको. वर पार्किंगमध्ये एसीसाठी इंजिन अर्धा तास सुरू ठेवू नका. नव्या इंजिनला उभं चालवणं सगळ्यात निरुपयोगी, भार शून्य आणि ऑइल मात्र फिरत राहतं.

समृद्धी मात्र हजार किमी होईपर्यंत थांबवा. अडचण वेगाची कमी आणि एकसारख्या चालण्याची जास्त. भरवीरला चढून एकाच वेगावर क्रूझ लावला की तासभर आरपीएमचा काटा हलत नाही. इंजिनला सगळ्या वेगांची ओळख व्हायला हवी. जायचंच झालं तर क्रूझ बंद ठेवा, थोड्या थोड्या वेळानं वेग बदला, मध्ये थांबा.

आणि सकाळी गाडी सुरू केली की पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायानं. इंजिन तापल्यावर अधूनमधून अर्ध्याहून थोडा जास्त अ‍ॅक्सिलेटर देऊन वेग चढवायचा, मग पाय काढून तो उतरू द्यायचा. चढवणं आणि सोडणं, दोन्ही हवं.

पंचवटीकर

पाहा, या उत्तरात ‘जपून’ हा शब्द एकदाही आलेला नाही. मला ‘चढवणं आणि सोडणं’ हा जोड फार आवडला. टिपणात तसाच घ्या.

गंगापूर रोडकर

घेतला. कच्चा मजकूर असा झालाय:

‘पहिल्या १,००० किमीत इंजिन रुळवून घ्या (तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा). इंजिन गार असताना हलक्या पायानं चालवा. तापल्यावर वेग चढवा आणि सोडा. बराच वेळ एकाच वेगावर राहू नका. गाडी थरथरली तर गिअर खाली घ्या. लाल रेषेपर्यंत ताणू नका, उभ्या गाडीत इंजिन सुरू ठेवू नका, ट्रॉली ओढू नका. ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहा. असं केल्यानं पिस्टनच्या रिंगा नीट बसतात.’

‘रिंगा बसतात’ शेवटी मुद्दाम ठेवलंय. गॅरेजमध्ये हाच शब्द कानावर येणार, तो आधी ओळखीचा झालेला बरा. ‘मोकळं होणे’ मी ट्रॅक्टरच्या टिपणासाठी राखून ठेवतो, ते निफाडकरांनी लिहावं अशी विनंती.

एक राहिलं. ब्रेकचं काय? नव्या पॅडलाही पहिले काही शे किलोमीटर लागतात, काही पुस्तिका ३०० किमीपर्यंत करकचून ब्रेक दाबणं टाळा म्हणतात. ‘ब्रेक रुळवा’ कानाला बरं वाटत नाही, आणि ‘ब्रेक बसवा’ लिहिलं तर नवे ब्रेक बसवून घ्या असं वाटेल.

सातपूरकर

आम्ही ‘पॅड घासून घेणे’ म्हणतो. नवा पॅड डिस्कला सगळीकडून टेकत नाही, थोडा घासला की पूर्ण टेकतो. ‘सुरुवातीला हलके, लांबून ब्रेक दाबत पॅड घासून घ्या’ असं लिहा. कुणालाही कळेल.

निफाडकर

ट्रॅक्टरचं टिपण लिहितो. छाटणी आटोपली की बसतो.