ट्रॅकवर ब्रेक लावताना गिअर नेमका केव्हा कमी करावा?

पुणे_२००
नमस्कार. गेल्या महिन्यात मी प्रथमच बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर मोटरसायकल चालवली. ५.१२५ किलोमीटरच्या या ट्रॅकवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणांच्या मध्ये सुमारे एक किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी ताशी १३० किलोमीटर वेगावरून ६० पर्यंत येताना माझी दर वेळी तारांबळ उडते. गाडी २०० सीसीची असून तिला स्लिपर क्लच (गिअर कमी करताना मागच्या चाकावर येणारा इंजिनाचा झटका आपोआप सौम्य करणारा क्लच) नाही. भराभर गिअर कमी केले की मागचे चाक उड्या मारू लागते आणि क्लच दाबूनच ठेवला, तर वळणात शिरताना गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे समजत नाही. घाटात मात्र हीच सवय कधी नडली नाही. चूक नेमकी कुठे होत असावी?

तेलकट_हात
आपण गिअरकडून वेग कमी करण्याचे काम करून घेत आहात, असे वर्णनावरून वाटते. घाटात उतारावर वेग आवरून धरायचा असतो, म्हणून तिथे इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाच्या विरोधाने गाडी मंदावणे) उपयोगी पडते. ट्रॅकवर ते काम पुढच्या ब्रेकचे आहे आणि गिअर कमी करायचा तो केवळ वळणातून बाहेर पडताना इंजिनात जोर मिळावा म्हणून.

ब्रेक लागताच वजन पुढे सरकते, मागचे चाक हलके होते आणि त्याच क्षणी क्लच झटक्याने सोडला, तर इंजिनाचा सगळा विरोध त्या हलक्या चाकावर येऊन ते अडखळते. म्हणून आधी थ्रॉटल बंद करून पुढचा ब्रेक क्रमाक्रमाने दाबावा, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) खाली येऊ द्यावेत आणि मगच एक गिअर कमी करावा. सेकंदाला ८ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घटतो असे धरले, तर १३० वरून ६० वर यायला सुमारे ६५ मीटर आणि जेमतेम अडीच सेकंद लागतात. चार गिअर त्यातच बसवायचे असल्याने घाई होते खरी, परंतु सुरुवातीलाच दोन गिअर फार लवकर कमी करणे ही चूक अधिक महागात पडते. वेग जास्त असताना गिअर कमी केला की चाकच इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवू लागते आणि तेव्हा रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) काहीही वाचवू शकत नाही, कारण तो फक्त इंजिनाची स्वतःची ताकद तोडतो.

जुना_टू_स्ट्रोकवाला
वरील उत्तराशी सहमत आहे. माझी सुरुवात राजदूत ३५० वर झाली. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतेच, त्यामुळे फोर-स्ट्रोकवर आल्यावर मलाही हे नव्याने शिकावे लागले. एक भर घालतो: प्रत्येक गिअरला क्लच दाबलेला असताना थोडी रेस द्यावी, म्हणजे इंजिनाचा वेग चाकाच्या वेगाशी जुळतो आणि धक्का बसत नाही.

पुणे_२००
आभारी आहे. रेस देण्याचा प्रयत्न मी केला होता, परंतु मनगट फिरवताच ब्रेकवरचा दाबही कमी-जास्त होतो आणि पुढचा सस्पेन्शन वरखाली होऊ लागतो.

तेलकट_हात
ते प्रत्येकाचे होते. दोन बोटे लिव्हरवर स्थिर ठेवून थ्रॉटल तळहाताने, तोही अगदी थोडा फिरवावा. लिव्हर फार जवळ किंवा फार दूर असेल तर हे जमणारच नाही, तेव्हा आधी त्याचे अंतर आपल्या बोटांना साजेसे करून घ्यावे. तोवर रेस न देता, एका वेळी एकच गिअर उतरवून क्लच हळूहळू सोडला तरी चालेल; स्लिपर क्लच जे आपोआप करतो, तेच आपण डाव्या हाताने करत असतो. वळणासाठी हवा तो गिअर मात्र गाडी वळणात झुकवण्यापूर्वी पडलेला आणि क्लच पूर्ण सुटलेला असावा. पुढचा ब्रेक झुकतानाही हलका हलका सोडत नेता येतो, पण ते नंतर.

पुणे_२००
लिव्हर खरोखरच फार दूर आहे, आत्ताच पाहिले. रविवारी मोकळ्या मैदानावर ४० च्या वेगाने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्याचा सराव करून कळवतो.