मदत हवी आहे: बायबलमधल्या उपदेशक 3 वर बोलायचंय, आणि समोर आई बसणार आहे

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. पुढच्या गुरुवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थना आहे आणि दहा मिनिटांचा संदेश माझ्या गळ्यात पडलाय. पाळकांनी उपदेशक 3 सुचवलाय, 'प्रत्येक गोष्टीला समय'. पहिल्या आठ ओव्यांत चौदा जोड्या, जन्म-मरण, रडणं-हसणं. वाचायला सोपं. पण बाबांना जाऊन पाच महिनेच झालेत. आई अजून रोज सकाळी दोन कप चहा टाकते, मग एक मोरीत ओतते. तिच्यासमोर 'देवाची वेळ' म्हणायला जीभच रेटत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्यावं असं डोक्यात आहे. 1882 मध्ये नवरा गेला, पुढे बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू असताना 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी त्यांनी ते काम सोडलं नाही. पण आईला वाटेल, रमाबाईंएवढी श्रद्धा मी कुठून आणू?

तुमच्यापैकी कोणी शोकाच्या घरात या अध्यायावर बोललंय का? की सरळ स्तोत्र 23 किंवा विलापगीत 3 घेऊ? आणि हो, 'देवाची इच्छा होती' हे वाक्य न वापरता कसं बोलायचं, तेही सांगा. ते तिने फार ऐकलंय.